बग वेबपीचा, नोंद क्रोमची

सीव्हीई-२०२३-४८६३ ही नोंद आज उघडून बघितलीत तर तिच्यात 'लिबवेबपी' हे नाव दिसेल. ते नंतर घातलेलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचा आशय एवढाच होता: गूगल क्रोमच्या ११६.०.५८४५.१८७ आधीच्या आवृत्त्यांमध्ये वेबपी चित्र हाताळताना राखून ठेवलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिलं जातं, आणि मुद्दाम बनवलेल्या एचटीएमएल पानातून दूरचा हल्लेखोर ते घडवून आणू शकतो.

सुरक्षा विषयात पीएचडी करायची म्हणून पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, वाचायला सुरुवात कुठून करू? माझं मत, पेपरपासून करू नका. अशा एखाद्या एका वाक्याच्या नोंदीपासून करा. पेपर जसा चिकित्सेने वाचायचा असतो तशीच ही नोंदही वाचायची असते, कारण तीही कुणीतरी, कुठल्यातरी हेतूने, काहीतरी गाळून लिहिलेली असते. या वाक्यात खोटं काहीच नाही. तरीही माझ्या मते हे वाईट लिहिलेलं वाक्य आहे, आणि त्याची किंमत बऱ्याच लोकांनी मोजली. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी बग काय होता ते बघू.

वेबपीचे दोन प्रकार असतात. एकात चित्राची थोडी माहिती टाकून दिली जाते, दुसऱ्यात काहीच टाकलं जात नाही. बग दुसऱ्यात होता. या प्रकारात हफमन पद्धत वापरतात: जे मूल्य चित्रात वारंवार येतं त्याला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. फाइलमध्ये कोडांच्या लांब्या लिहिलेल्या असतात आणि चित्र उघडणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीकोडर, त्यावरून तक्ते तयार करतो. पहिले ८ बिट बघून पहिल्या तक्त्यात उडी, कोड त्याहून लांब असेल तर तिथून दुसऱ्या पायरीच्या तक्त्यात. असे पाच तक्ते लागतात: हिरवा, लाल, निळा, पारदर्शकता आणि अंतर.

आता या तक्त्यांना जागा किती लागेल? लिबवेबपीच्या लेखकांनी इथे अंदाजपंचे काम केलेलं नव्हतं. लाल, निळा आणि पारदर्शकता यांच्या २५६ मूल्यांसाठी जास्तीत जास्त प्रत्येकी ६३० नोंदी, अंतराच्या ४० मूल्यांसाठी ४१०, आणि रंगांचा कॅश नसेल तर हिरव्यासाठी ६५४. बेरीज २९५४. हे आकडे गणिताने काढलेले आहेत आणि बरोबर आहेत. फक्त एका अटीवर बरोबर आहेत: हफमनचं झाड पूर्ण आणि वैध असेल तर. झाड अर्धवट असेल तर तक्ता यापेक्षा मोठा होऊ शकतो. आणि फाइल बनवणाऱ्याने वैध झाडच पाठवावं, अशी त्याच्यावर सक्ती कुठे आहे?

गंमत अशी की तपासणी होती. झाड पूर्ण आहे की नाही हे कोड बघत होता, पण तक्ता भरून झाल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. 'झाड अवैध आहे' असा निकाल येईपर्यंत लिहायचं ते हद्दीबाहेर लिहून झालेलं असायचं. दुरुस्तीत मुख्यतः हेच उलटं केलं: आधी मोजा, मग लिहा.

संशोधनाच्या दृष्टीने या बगमधला सर्वांत शिकण्यासारखा भाग पुढचा आहे. लिबवेबपी ही काही कोपऱ्यात पडलेली लायब्ररी नव्हती. गूगलच्या ओएसएस-फझ या प्रकल्पात तिच्यावर अखंड फझिंग चालू होतं, म्हणजे लाखो वेड्यावाकड्या फाइली तिला खिलवून ती कुठे कोसळते ते बघणं चालू होतं. तरी हे सापडलं नाही. बेन हॉक्स यांनी २१ सप्टेंबर २०२३ च्या आसपास या बगचं जे विश्लेषण लिहिलं, ते प्रत्येक नवीन विद्यार्थ्याने वाचावं असं आहे. हद्द ओलांडायची तर पहिले चार तक्ते वैध असूनही शक्य तितके मोठे हवेत, आणि मग पाचव्यात गडबड हवी. फाइलीतले बिट इकडेतिकडे फिरवून हा योग जुळून येणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी रीतसर बसून, गणित मांडून फाइल घडवावी लागते.

तुमच्यापैकी जे फझिंगवर सिनॉप्सिस लिहीत आहेत त्यांनी इथे थांबून विचार करावा. 'आमच्या साधनाने इतके टक्के कोड तपासला' हे वाक्य दर दुसऱ्या पेपरात असतं. वेबपीच्या त्या फंक्शनमधली ओळ न् ओळ हजारो वेळा चालून गेली असणार. ओळीवरून जाणं वेगळं, आणि ती ओळ जिथे चुकते त्या स्थितीत तिच्यावरून जाणं वेगळं. टक्केवारी फक्त पहिलं मोजते. माझ्या गाईडना हे माझं तुणतुणं पाठ झालंय, पण व्हायव्हात परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

आता पुन्हा त्या वाक्याकडे. तारखा लावून बघा. ६ सप्टेंबरला अॅपलच्या सुरक्षा गटाने आणि टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने क्रोमकडे त्रुटी कळवली. ७ तारखेला अॅपलने आयओएस १६.६.१ काढलं. त्यांच्या नोंदीत बग 'इमेजआयओ'चा होता, क्रमांक वेगळा, सीव्हीई-२०२३-४१०६४. वेबपीचा उल्लेख नाही. लिबवेबपीच्या सोर्स कोडमधली दुरुस्ती त्याच ७ तारखेची आहे. ११ तारखेला क्रोमचा पॅच आला, आपल्या या एका वाक्यासह. १२ तारखेला फायरफॉक्सचा. मग लिबवेबपी १.३.२, आणि १५ तारखेला पायथॉनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीची १०.०.१ ही आवृत्ती.

म्हणजे एकाच बगच्या दोन नोंदी झाल्या. एक म्हणते हा आयफोनचा, दुसरी म्हणते हा क्रोमचा, आणि ज्या लायब्ररीचा तो खरोखर होता तिचं नाव दोन्हीत नाही. एखाद्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्याने हे वाचून काय समजावं? 'आम्ही क्रोम वापरत नाही, एचटीएमएल पानंही उघडत नाही, आम्ही फक्त लोकांनी अपलोड केलेल्या फोटोंचे छोटे फोटो करतो.' वाक्यावर विश्वास ठेवला तर तो सुटला. प्रत्यक्षात बग त्याच्याच घरात.

२५ सप्टेंबरला गूगलने सीव्हीई-२०२३-५१२९ असा नवीन क्रमांक काढला, थेट लिबवेबपीच्या नावाने, आणि धोक्याचा गुणांक १० पैकी १०. दोन दिवसांत तो 'आधीच्याचीच पुनरावृत्ती' म्हणून रद्द झाला आणि जुन्या नोंदीचं वाक्य सुधारलं गेलं. पंधरवडा गेला होता.

गूगलच्या बाजूने बोलायचं तर बोलता येतं. हल्ले प्रत्यक्ष चालू होते, घाई होती. लायब्ररीचं नाव घेतलं असतं तर ती वापरणारी, अजून दुरुस्त न झालेली शेकडो सॉफ्टवेअर हल्लेखोरांना बोटाने दाखवल्यासारखं झालं असतं. शिवाय क्रोमच्या गटाने क्रोमपुरता क्रमांक द्यायचा, ही नियमाची चौकट. यातला पहिला मुद्दा मला मान्य आहे, दुसरा नाही. दुरुस्ती उघड्या सोर्स कोडमध्ये, 'हफमन तक्ता बांधताना हद्दीबाहेर लेखन' अशा अर्थाच्या स्पष्ट शीर्षकासह पडलेली होती. ज्याला हल्ला करायचा आहे तो असे बदल रोज बघतो, तो त्याचा धंदाच आहे. जो असे बदल बघत नाही तो म्हणजे कॉलेजचा सिस्टिम अॅडमिन, छोट्या कंपनीतला एकुलता एक डेव्हलपर, आणि तुमच्या लॅबमधला सीनियर. गुप्तता नेमकी या लोकांपासून राखली गेली. आणि चौकटीचं म्हणाल, तर लिबवेबपीही गूगलचीच आहे. घरातल्या घरात निरोप द्यायचा होता.

लॅबचं म्हणतोय तर हे बघून घ्या. चित्रांवर मशीन लर्निंग करणारे सगळे पिलो नाहीतर ओपनसीव्ही वापरतात. या लायब्ररी पिपने बसवल्या की त्यांच्या पोटात लिबवेबपीची स्वतःची प्रत येते. त्यामुळे लिनक्स अपडेट केलं, सिस्टिमची लिबवेबपी नवी झाली, तरी पायथॉनच्या पोटातली जुनी तशीच राहते. पिलोमध्ये आतल्या लायब्ररींच्या आवृत्त्या छापून दाखवायची सोय आहे. ती चालवा आणि वेबपीसमोर १.३.२ किंवा वरचा आकडा आहे का बघा. 'तीन वर्षांपूर्वी पेपरसाठी बनवलेलं एन्व्हायरन्मेंट, हात लावू नकोस, चालतंय' असं जिथे म्हणतात तिथे तर नक्कीच बघा.

माझ्या शहाडला स्टेशनबाहेर फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत, तशी तुमच्याही गावात असतील. दिवसभर लोक व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवतात, दुकानदार ते उघडतो, ५० केबीच्या आत बसवतो, पोर्टलवर चढवतो. अनोळखी माणसाने पाठवलेली चित्राची फाइल न बघता उघडणं, हेच त्याचं काम. पुढे पोर्टलच्या सर्व्हरवर दुसरा एखादा प्रोग्रॅम तीच फाइल पुन्हा उघडतो. त्या दुकानदाराने सीव्हीई वाचावी असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच्या संगणकातली आणि पोर्टलमागची सॉफ्टवेअर ज्यांच्या हातात आहेत त्यांना योग्य नाव कळणं, हाच त्याचा एकमेव बचाव आहे.

याच्याशी तुलना करायला २०१६ चं इमेजमॅजिक प्रकरण घ्या. सर्व्हरवर फोटो लहानमोठे करायला इमेजमॅजिक सर्रास वापरतात. फाइलचं नाव जेपीजी, पण आतला मजकूर वेगळ्याच प्रकारचा, आणि त्यात घुसडलेली कमांड सर्व्हरवर चालायची. नावावरून नाही तर मजकुरावरून प्रकार ठरतो, एवढं साधं तत्त्व. ३ मे २०१६ ला ती जाहीर झाली, 'इमेजट्रॅजिक' असं नाव, चक्क लोगो, स्वतंत्र वेबसाइट. तेव्हा सुरक्षावाल्या मंडळींनी लोगोची यथेच्छ टिंगल केली. बगला कसला लोगो! मला मात्र तो खुलासा, लोगोसकट, २०२३ च्या वाक्यापेक्षा चांगला वाटतो. लायब्ररीचं नाव पहिल्या ओळीत होतं. ३० एप्रिलची दुरुस्ती अपुरी दिसते हे सरळ सांगितलं होतं. आणि मुख्य म्हणजे पॅच येईपर्यंत काय करायचं ते दिलं होतं: पॉलिसीच्या फाइलमध्ये या ओळी घाला, अपलोड झालेल्या फाइलचे सुरुवातीचे बाइट तपासा. वाचणाऱ्याच्या हाताला काम मिळालं. खुलासा कुणासाठी लिहायचा हे ज्याला कळलं, त्याने लोगो काढला तरी चालतो.

हे सगळं शब्दांवरचं भांडण वाटत असेल तर त्या बगचा वापर कुठे झाला ते बघा. सिटिझन लॅबला तो सापडला वॉशिंग्टनमधल्या एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये. एनएसओ ग्रुपचं पेगॅसस आयमेसेजमधून पाठवलेल्या चित्रांद्वारे घुसवलं जात होतं. काही टॅप करायची गरज नाही. या हल्ल्याला त्यांनी 'ब्लास्टपास' म्हटलं. डिसेंबर २०२३ मध्ये अॅम्नेस्टीच्या सिक्युरिटी लॅबने अहवाल दिला की शोधपत्रकारांच्या ओसीसीआरपी या जाळ्याचे दक्षिण आशियाचे संपादक आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर २३ ऑगस्ट २०२३ ला असाच हल्ला करण्यात आला. त्या वेळी ते भारतातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाबद्दलच्या बातमीवर काम करत होते. हल्ला यशस्वी झाला का, हे अॅम्नेस्टीला ठामपणे सांगता आलं नाही. त्यांचा फोन तेव्हा या त्रुटीला उघडा होता, एवढं मात्र नक्की होतं. २३ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. पंधरा दिवसांचं अंतर.

चित्राची फाइल हे हत्यार तसं नवीन नाही. २०२१ मध्ये याच कंपनीचा 'फोर्स्डएन्ट्री' सापडला. जीआयएफ असं नाव असलेली फाइल, आत पीडीएफ, त्याच्या आत जेबीआयजी२ हे फॅक्स-स्कॅनच्या काळातलं कॉम्प्रेशन. त्या कॉम्प्रेशनच्या ७०,००० हून अधिक आज्ञा जोडून हल्लेखोरांनी चित्राच्या आत एक छोटा संगणकच बांधला होता. प्रोजेक्ट झीरोच्या इयान बीअर आणि सॅम्युएल ग्रॉस यांचं त्यावरचं लिखाण वाचताना रागापेक्षा कौतुक जास्त वाटतं, आणि त्याची मग थोडी लाज वाटते. ब्लास्टपासचं सविस्तर विश्लेषण बीअर यांनी मार्च २०२५ मध्ये लिहिलं.

आता 'जबाबदार खुलासा' या शब्दाबद्दल. तो शब्द मला खटकतो. त्यात जबाबदारी एकट्या शोधणाऱ्याची: त्याने गुपचूप कळवावं, थांबावं, बोलू नये. कळवून घेणाऱ्याची जबाबदारी त्या शब्दात कुठेच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्येच तो सोडून 'समन्वयित खुलासा' असं म्हणायला सुरुवात केली. त्याच २०१० मध्ये आपल्याकडे काय झालं? हैदराबादचे हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खाँग्रिप यांनी भारतीय मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवल्या. अभ्यासलेलं यंत्र मुंबईतलं होतं आणि ते दिलं कुणी हे त्यांनी सांगितलं नाही. २१ ऑगस्टला मुंबई पोलिसांनी हरी प्रसादना हैदराबादच्या घरातून अटक करून मुंबईला आणलं, आठवडाभराने जामीन झाला. ऑक्टोबरमध्ये त्यांचा पेपर एसीएमच्या सीसीएस परिषदेत आला. यंत्र कसं मिळवलं याबद्दल तुमचं मत काहीही असो. पण त्रुटी खरी आहे का या प्रश्नाच्या आधी 'वस्तू कुठून आणलीस' हा प्रश्न येतो, ही आपल्या इथली क्रमवारी लक्षात ठेवा.

ती कायद्यातही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ बघा: मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश केला की भरपाईचा दावा होऊ शकतो, हेतू चांगला असला तरी. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या उद्देशाने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संशोधकासाठी वेगळी सूट कायद्यात नाही. सर्ट-इनकडे त्रुटी कळवायची रीतसर व्यवस्था आहे, २०२१ पासून ती संस्था स्वतः सीव्हीई क्रमांकही देते. पण कळवल्याने आधी केलेली घुसखोरी धुतली जात नाही.

म्हणून 'एका कॉलेजच्या फॉर्ममध्ये फोटोऐवजी दुसरीच फाइल चढते असं वाटतंय, करून बघू का?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: नका करू. परवानगी लेखी नसेल तर अजिबात नका करू. आणि हेच कारण आहे की चित्रांच्या लायब्ररींवरचं संशोधन मी तुम्हाला आग्रहाने सुचवतो. सोर्स कोड उघडा आहे, तो तुमच्या लॅपटॉपवर उतरवा, तुमच्याच फाइली तुमच्याच डीकोडरला खिलवा. दुसऱ्याच्या दारात पाय ठेवावाच लागत नाही. जेबीआयजी२, टिफ, कॅमेऱ्यांचे रॉ प्रकार, जुन्या फोनांचे स्वतःचे प्रकार: जिथे तपशिलाचा कागद जाडजूड आणि वाचणारे कमी, तिथे शोधा.

सापडलं तर कळवताना काय लिहाल? फाइल, पायऱ्या आणि आवृत्ती तर द्यालच. त्यासोबत एक उतारा असा लिहा की हा कोड आणखी कुणाकुणाच्या पोटात आहे. हे काम कंटाळवाणं आहे. पॅकेजांच्या याद्या धुंडाळाव्या लागतात, आणि पेपरात त्याला ओळभरही जागा मिळत नाही. प्रोजेक्ट झीरोने जुलै २०२५ पासून एक प्रयोग सुरू केला आहे: त्रुटी कळवल्यावर आठवड्याभरात, तपशील न देता, कोणत्या उत्पादनाबद्दल आणि कधी कळवली एवढं जाहीर करायचं, म्हणजे मूळ लायब्ररीत झालेली दुरुस्ती ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ कमी होईल. २०२३ मध्ये हे असतं तर ७ सप्टेंबरनंतर लगेच 'लिबवेबपी' हे नाव सगळ्यांना दिसलं असतं. अर्थात गूगलचाच एक गट हे करतोय आणि गूगलच्याच दुसऱ्या गटाने ते वाक्य लिहिलं होतं. प्रयोगाचे निकाल येतील तेव्हा त्यांची छाननी करणारा पेपर कुणीतरी लिहायला हवा, आणि त्यासाठी सीव्हीईच्या नोंदींचा बदल-इतिहास आत्तापासून जमवायला लागेल. तो सगळा उघड उपलब्ध आहे.